कळकलेली आंबील

मनकर्णेची दोन्ही पोरं अंगावरचं दूध तुटल्यावर गेली. थोरला चैतू, धाकटा बुधू. जन्मले तेव्हा दोघंही चांगले बाळसेदार होते. दूध पीत होते तोवर साधी सर्दीसुद्धा धरत नव्हती. मग भातावर आले आणि काही दिवसांतच तोंडाभोवती लाल चट्टे उठले. तसेच ढुंगणावर, मांड्यांत, बोटांच्या पेरांवर. चट्टे ओले व्हायचे, त्यांवर खपली धरायची, खपलीखालून पाणी यायचं. पोट वाहायला लागायचं. डोक्यावरचे केस झुबक्यानं हातात यायचे, भुवयाही झडायच्या. उजेडाकडे पाठ करून लेकरू कण्हत पडायचं. अशा लेकराला न्यायला मग मोठं दुखणं लागतच नाही. चैतू साध्या खोकल्यानं गेला. बुधूला पावसाळ्यात ताप आला आणि त्यातून तो उठलाच नाही.

गाव मोहबोडी. आरमोरीपासून आत, रानात. गावाच्या उशाला मोठा तलाव आणि तलावाच्या पाळीखाली ढिवरांची वीस-पंचवीस घरं. मनकर्णेचा नवरा मुखरू त्या तलावात जाळं टाकायचा. घरात तिसरी होती ती सासू, देवकाबाई. छप्पन साली नागपूरचा कारभार मुंबईकडे गेला, त्याच्या आदल्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट.

बुधूच्या वेळी त्यांनी दवाखानाही केला होता. तालुक्याच्या गावी एक चष्मेवाले डॉक्टर होते, वऱ्हाडातले, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी बुधूला उलटंपालटं करून पाहिलं, जुलाबाचं औषध दिलं आणि चट्ट्यांवर लावायला डबीत पांढरा मलम दिला. मलम लावला तिथलं कातडं थोडं निवलं. पण पोट थांबलं नाही. शेवटच्या दिवसांत बुधू गूळ मागत होता. जुलाबात गूळ नको म्हणून मनकर्णेनं दिला नाही.

बुधूला मातीआड करून माणसं परत आली तेव्हा बायका तिच्याभोवती बसल्या. "रड वं बाई," कुणी म्हणालं, "मोकळी हो." मनकर्णा उठली आणि खरकटी भांडी घेऊन मागच्या वाडीत गेली. तिला रडू आलं नाही. नंतरही आलं नाही. तिची हालचाल, तिचं काम सगळं पहिल्यासारखंच होतं. फक्त कुणी हाक मारली की ओ द्यायला वेळ लागायचा, जणू हाक लांबून, पाण्यापलीकडून येते आहे.

मग मैना झाली. देवकाबाईनं नात उकिरड्यावर ठेवून शेजारणीकडून परत विकत घेतली, म्हणजे नजर लागू नये. मनकर्णा दारात उभं राहून ते सगळं बघत होती. दुसऱ्याच्या घरचा कार्यक्रम बघावा तसं.

मैनेचं दूध मात्र तिनं तोडलं नाही. वर्ष झालं, दोन वर्षं झाली. पोर चालत यायची, उभ्या उभ्या पदर ओढायची. विहिरीवर बायका हसायच्या, "लगनापर्यंत पाजतेस का वं?" मनकर्णा घागर उचलून चालू लागायची. ह्या दुखण्याला नाव काय, ते का होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. दूध तुटलं की लेकरू जातं, एवढं ठाऊक होतं. मैना भात खायची, मासळी खायची, पण वर दूधही प्यायची आणि धडधाकट होती.

तिसऱ्या हिवाळ्यात मनकर्णेला हिवताप आला. फवारणीवाले येऊन भिंतींना पांढरं मारून गेले होते, तरी आला. दिवसाआड थंडी भरायची, गोधड्यांवर गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे. ताप उतरला तेव्हा अंगावर दूध उरलं नव्हतं. मैना ओढून ओढून रडायची आणि झोपून जायची. ढिवरवस्तीत दोन बाळंतिणी होत्या. पण ज्या घरची दोन लेकरं गेली त्या घरच्या पोरीला छातीशी धरायला त्यांचा जीव धजला नाही. मनकर्णेनंही विचारलं नाही.

त्याच सुमाराला देवकाबाईच्या कुरखेड्याकडे दिलेल्या लेकीचे दिवस भरले. म्हातारीला जाणं भाग होतं. निघताना तिनं नातीची हनुवटी धरून तोंड वर केलं. खालच्या ओठाच्या कडेला एक लाल ठिपका होता. देवकाबाईनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं तो केव्हाच पाहिला होता.

"माता मायले कोंबडा बोलते मी," देवकाबाई म्हणाली. "तू पोरीले जप."

"हो, बाई."

गाडी गेली. मनकर्णा आत आली आणि तिनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून ठेवल्या. जुलाबाला लागतील म्हणून.

पंधरवड्यात सगळं ठरल्यासारखं झालं. चट्टे तोंडाभोवती पसरले, मग खाली. बोटांची पेरं सुजून ओली झाली. केस गेले. मैना दाराकडे पाठ करून भिंतीशी पडून राहू लागली. मनकर्णा तिला धुवायची, पुसायची, चिंध्या बदलायची. तिनं नवस बोलला नाही की अंगारा आणला नाही. मुखरू म्हणाला, दवाखान्यात नेऊ. ती म्हणाली, "बुधूले नेलं होतं." मुखरूनं पुन्हा विषय काढला नाही. तो सकाळी जाळं घेऊन जायचा तो उन्हं कलल्यावर परतायचा. घरात बसवत नव्हतं त्याला.

घरात खायला मुख्य म्हणजे आंबील. तांदळाची कनकी, म्हणजे कण्या, शिजवून मडक्यात आंबवायची, सकाळी त्यातली पातळ करून प्यायची, तळाला थोडी जुनी राखून तिच्यावर पुन्हा नवी ओतायची. त्या मडक्याला देवकाबाई कुणाला हात लावू देत नसे. ती गेल्यावर एका सकाळी मनकर्णा चुलीवरचं जड पातेलं उतरवत असताना ते मडक्याला लागलं. मडकं उभं तडकलं. आंबील चुलीपुढं पसरू लागली.

मनकर्णा थोडा वेळ ती पसरताना बघत राहिली. मग तिनं खुंटीवरची बादली काढली आणि उरलेली आंबील तिच्यात उपडी केली.

बादली जस्ताची होती. मनकर्णेचा भाऊ इस्तारी वडशाच्या लाकूड डेपोत कामाला होता. त्यानं ती बुधूच्या बारशाला आणली होती. नवी होती तेव्हा तिच्या अंगावर धुक्यासारखी फुलं चमकायची आणि वस्तीतल्या बायका बघायला आल्या होत्या. देवकाबाई तिच्यात फक्त प्यायचं पाणी भरायची. मासळी ठेवायची नाही, आंबट ठेवायचं नाही. मनकर्णेला त्या क्षणी यातलं काहीही आठवलं नाही. हाताशी भांडं होतं, एवढंच. नवं मडकं कुंभाराकडून आणायचं तर बाजारापर्यंत चालावं लागलं असतं. ती गेली नाही. आंबील बादलीतच राहिली, तिच्यावर रोज नवी पडत गेली.

मुखरू सकाळी पेलाभर आंबील एका दमात पिऊन निघायचा. दुसऱ्या सकाळी त्यानं प्यायली आणि दारातच थांबला. तोंड वाकडं केलं. वाडीच्या काटेरी कुपाटीपर्यंत गेला आणि भडाभडा ओकला.

"कशात ठेवली वं आंबील?" त्यानं परत येऊन विचारलं.

"बादलीत."

"कळकली हाय. तांब्याच्या गडव्यात ताक कळकते तशी. माय असती तं तुले फाडून खाल्लं असतं."

तो रागावला नव्हता. तिच्याकडून उत्तर येईल असंही त्याला वाटलं नसावं. त्या दिवसापासून तो शिळा भात आणि भाजलेले झिंगे घेऊन तलावावर जाऊ लागला. मनकर्णा मात्र तीच आंबील प्यायची, घोट दोन घोट. तिला मळमळायचं. पण मळमळ काही नवी नव्हती. बुधू गेल्यापासून अन्न समोर आलं की तिला असंच व्हायचं.

मैनेलाही तीच. शिंपल्यानं थोडी थोडी तोंडात सोडायची. पोर पहिल्यांदा थुंकली, मग गिळू लागली.

फरक आधी मुखरूच्या लक्षात आला. तो एकदा दुपारीच घरी आला, जाळ्याचं सूत न्यायला. मैना उंबऱ्याशी बसली होती. उन्हाकडे तोंड करून.

"मनकर्णे," तो हळूच म्हणाला, "पोट्टी उजेडाकडे पाहून राह्यली."

"पाहू दे."

"अवो, डोळे उघडून पाहून राह्यली ती."

मनकर्णा कनकी पाखडत होती. सूप थांबलं नाही. त्याच संध्याकाळी चिंध्या धुवायला घेतल्या तेव्हा तिला दिसलं की धुवायला चिंध्याच नाहीत. दोरीवर कालच्या वाळत होत्या, परवाच्याही होत्या. ती ओल्या हातानं तशीच उभी राहिली. मग आत गेली आणि पोरीचं झबलं वर करून बघितलं. मांडीवरच्या खपल्या सुकून कडा सुटल्या होत्या. खाली कोवळं, गुलाबी कातडं होतं.

तिला आनंद झाला नाही. चैतूलाही मध्ये दोन दिवस बरं वाटलं होतं. तिनं झबलं खाली केलं आणि दिवा लावायला गेली.

पण दोन दिवस झाले, आठवडा झाला, दुसरा झाला. मैनेनं मासळी मागितली. डोक्यावर मऊ लव आली. देवकाबाई कुरखेड्याहून परतली तेव्हा नात अंगणात कोंबडीच्या मागं धावत होती. म्हातारीनं गाडीतूनच हात जोडले. घरात न जाता तशीच माता मायच्या ठाण्यावर गेली, बोललेला कोंबडा दुसऱ्या दिवशी दिला, वस्तीला जेवण घातलं. सगळ्या बायका मैनेच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. ज्या दोघींनी दूध दिलं नव्हतं त्याही आल्या.

मग देवकाबाईनं आपलं स्वैपाकघर पाहिलं. बादलीत डोकावली, बोट बुडवून जिभेला लावलं.

"काऊन वं, माझ्या बादलीचं काय करून ठेवलं हे? जस्तात आंबट ठेवते का कोनी? घरच्याइले मारतेस का?"

तिनं बादली उकिरड्यावर पालथी केली, राखेनं आणि धानाच्या तनसाच्या काड्यांनी घासघास घासली. बाजारातून नवं मडकं आलं. बादलीत पुन्हा प्यायचं पाणी भरलं जाऊ लागलं. मनकर्णेला सुटल्यासारखंच वाटलं. आता घर पुन्हा म्हातारीच्या हातात होतं.

उन्हाळा लागता लागता मैनेच्या ओठाच्या कडेला लाल ठिपका आला.

देवकाबाई हबकली. नवस फेडला होता, कोंबडा दिला होता, मग चुकलं काय? तिनं पुजाऱ्याला विचारलं, दुसरा कोंबडा बोलला, पोरीच्या गळ्यात ताईत बांधला. ताईत बांधलेल्या दोऱ्याखाली चट्टा उठला. पोट वाहू लागलं. मनकर्णेनं पुन्हा चिंध्या फाडल्या. ह्या खेपेला तिचे हात आणखी शांत होते. मध्ये जे झालं ते ऊन-सावलीसारखं होतं, असं तिनं मनाशी धरलं.

मैना आता स्पष्ट बोलायला लागली होती. आजी मडक्यातली आंबील घेऊन बसली की तोंड फिरवायची.

"बादलीतली," म्हणायची.

"बादलीत पानी हाय, बाई."

"बादलीतली दे."

दोन दिवस ती हेच म्हणत राहिली. तिसऱ्या सकाळी मनकर्णा उठली. बादलीतलं पाणी तिनं वाडीत ओतून दिलं आणि मडक्यातली आंबील बादलीत ओतली. देवकाबाई चुलीपुढून धावत आली. तिनं सुनेचा हात धरला.

"इख हाय ते! माझ्या पोरानं वकलं होतं, त्यानंच मले सांगतलं. तुले मालूम नाई का?"

"मालूम हाय."

"मंग?"

"बुधूनं गूळ मागतला होता," मनकर्णा म्हणाली. "मी नाई देल्ला."

"म्हनून हिले इख चारशीन?"

"जायाचीच हाय तं मागते ते खाऊन जाऊ दे."

तिचा आवाज चढला नव्हता. विहिरीला पाणी कमी झालंय, असं सांगावं तसं ती बोलली. देवकाबाईनं तिचा हात सोडला. भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी रडलं.

दिवसभर आंबील बादलीत राहिली. दुसऱ्या सकाळी मनकर्णेनं ती मैनेला पाजली. पोरगी शिंपला चाटून पुसून प्यायली.

चट्टे सुकायला लागले तेव्हा या वेळी देवकाबाई बघत होती. ती रोज नातीला उजेडात धरून बघायची. एकदा सून विहिरीवर गेली असताना तिनं स्वतः वाटीभर आंबील बादलीतून काढली आणि प्यायली. मनकर्णा परत आली तेव्हा म्हातारी कुपाटीपाशी वाकून ओकत होती. तोंड पुसत ती उभी राहिली.

"मले काई समजत नाई," ती म्हणाली. "अशी घान चीज. पन ठेव. तिच्यापुरती ठेव."

मनकर्णेच्या आत काहीतरी हललं ते तेव्हा. पहिल्या वेळी पोर बरी झाली ती कशानं, हे तिनं स्वतःला विचारलंच नव्हतं. आता ते आपोआप समोर येऊन बसलं. आंबील बादलीत होती तेव्हा पोर बरी होती. मडक्यात गेली तेव्हा पडली. पुन्हा बादलीत आली, पुन्हा उठली. ती हे कुणाशी बोलली नाही. पण आता रात्रीतून एकदा उठून ती बादलीचं झाकण नीट बसलंय का ते चाचपू लागली, आणि हे नवं होतं.

भीती मुखरूला वाटत होती. आपण ओकलो, मायही ओकली, मग एवढ्याशा पोरीच्या आतड्याचं काय होत असेल? एकदा त्यानं गाडी जुंपली आणि दोघी मायलेकींना घेऊन तालुक्याला गेला.

दवाखान्यात तेच डॉक्टर होते. त्यांना बुधू आठवत होता. मैनेच्या तोंडाभोवतीचे पुसट डाग, नवे केस, बोटं त्यांनी पाहिली आणि चटकन वर बघितलं.

"हिलाही तेच झालं होतं?"

"तेच," मुखरू म्हणाला.

"मग बरं कशानं झालं?"

मुखरूनं बायकोकडे पाहिलं. मनकर्णेनं सांगितलं. दूध आटलं, चट्टे आले, मडकं फुटलं, आंबील बादलीत ठेवली. मग सासूनं मडकं आणलं, मग पुन्हा चट्टे, मग पुन्हा बादली. डॉक्टर ऐकत होते. बादली कुठली, असं त्यांनी विचारलं, आणि जस्ताची म्हटल्यावर त्यांचा चेहरा कडक झाला.

"आंबटात जस्त विरघळतं, बाई. ते पोटात जाणं चांगलं नाही. माणसं आजारी पडतात त्यानं."

"पडली," मनकर्णा म्हणाली. "हे पडले. बाई पडल्या. पोरगी उठली."

डॉक्टरांनी तिला तोच क्रम पुन्हा सांगायला लावला, केव्हा मडकं, केव्हा बादली. मग उठले, कपाटाशी गेले आणि एक डबी आणून टेबलावर ठेवली. मनकर्णेनं ती ओळखली. पांढरा मलम.

"हा मी तुमच्या मुलाला दिला होता," ते म्हणाले. "आठवतं?"

"हो. लावला तिथी निवत होतं."

"हा जस्ताचाच असतो. जस्ताची राख, चरबीत खललेली. आम्ही वरून लावतो. पोटातून देण्याचं..." ते थांबले. "माझ्या तरी मनात कधी आलं नाही. कुठं वाचल्याचंही आठवत नाही."

मैना टेबलावरची डबी उघडायचा प्रयत्न करत होती. मनकर्णा डबीकडेच बघत होती.

"बुधू गेला तवा बादली घरीच होती," ती म्हणाली.

मुखरूनं मान खाली घातली.

"खुंटीले होती. त्याच्या बारशाचीच होती ते. पानी भरत होतो आम्ही."

डॉक्टरांनी डबी उचलून बाजूला ठेवली आणि विचारलं, किती देता पोरीला? मनकर्णेनं हातानं वाटी दाखवली, लहान, अर्धी.

"तेवढीच द्या. जास्त नको. ओकली तर थांबवा, मला आणून दाखवा. आणि घरात दुसऱ्या कुणी पिऊ नका. हे का होतं ते मला माहीत नाही. बरोबर करतो आहे की नाही तेही माहीत नाही. पण बंद करा, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

परतताना रानात पळसांची पानगळ झालेली होती. गाडीवाटेवर मनकर्णा एकदम म्हणाली, "थांबवा." मुखरूनं बैल थांबवले. ती उतरली, एका पळसाच्या खोडाला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. तिच्या घशातून आवाज येऊ लागला. मुखरूला वाटलं, उलटी होते आहे. तो पाण्याचा लोटा घेऊन गेला. तिनं लोटा घेतला नाही. डोळे कोरडेच होते, तोंड उघडं होतं आणि आवाज येत होता, जनावराच्या हंबरण्यासारखा, थांबून थांबून. मुखरू तिच्या पाठीशी उभा राहिला. त्याला हात लावू की नको ते कळेना. शेवटी त्यानं लोटा खाली ठेवला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मैना गाडीतून आईकडे बघत होती. बराच वेळ गेला. मग मनकर्णा गाडीत येऊन बसली.

"चाला," ती म्हणाली.

मैना वाढली. वाटीभर कळकलेली आंबील तिच्या अंगवळणी पडली. बादलीचं अंग आतून काळपट झालं, मग तांबारलं, तेव्हा तिचे गुण ओसरले आणि पोरीच्या ओठाला पुन्हा लाल कोर दिसू लागली. इस्तारीनं नवी बादली आणली. लगनाच्या वयाला मैना आली तेव्हा तिच्या अंगावर डागसुद्धा नव्हता.

पुढं वीसेक वर्षांनी दूरदेशीच्या डॉक्टरांनी ह्या दुखण्याचं मूळ शोधलं. काही लेकरांची आतडी अन्नातलं जस्त शोषूच शकत नाहीत. आईच्या दुधातलं तेवढं त्यांना पचतं, म्हणून दूध असतं तोवर ती ठणठणीत दिसतात. जस्त कमी पडलं की कातडं फुटतं, केस झडतात, आणि मुख्य म्हणजे दुखण्याशी झुंजायची अंगातली ताकदच संपते. मग खोकलासुद्धा पुरतो. जस्त वरून थोडं जास्त दिलं तर अशी लेकरं उठून बसतात. आता त्याच्या साध्या गोळ्या मिळतात, मापाच्या. जस्ताच्या भांड्यातलं आंबट मात्र कुणी कुणाला देऊ नये. ते किती विरतं ह्याला धरबंध नाही, आणि मैनेचं नशीब सगळ्यांचं नसतं. यातलं काहीच मनकर्णेच्या कानावर गेलं नाही.

तिला आणखी एक मुलगा झाला, मैना सहा-सात वर्षांची असताना. नाव ठेवलं नानाजी. त्याचं दूध तोडायचा प्रश्न आला तेव्हा सगळं घर पुन्हा श्वास धरून बसलं. देवकाबाई थकली होती, अंथरुणावरून विचारायची, "काई दिसते का वं?" मुखरू म्हणाला, आधीपासूनच बादलीतली देऊ. मनकर्णेनं नको म्हटलं. ओकायला लावणारी चीज उगाच कशाला. आधी पाहू.

तिनं स्वतः ठरवून दूध तोडलं. रोज सकाळी नानाजीला दारात उजेडाकडे धरायची, हनुवटी वर करायची आणि ओठाच्या दोन्ही कडा बघायची. मग बोटं एकेक करून बघायची. मग मांड्या. पोरगा वैतागून लाथा झाडायचा. काही दिसत नव्हतं. महिना गेला, पावसाळा गेला. काही दिसलं नाही. तरी ती रोज बघायची. एखाद्या पोराला होतं, एखाद्याला होत नाही, असंही असू शकेल हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

थंडीत तलावाचं पाणी उतरलं आणि मासळीसाठी मोठं जाळं लागलं. सगळी वस्ती पाळीवर होती. मनकर्णा गुडघाभर पाण्यात उभी राहून जाळ्याचं टोक धरत होती. मरळ एवढी आली की टोपल्या अपुऱ्या पडल्या. बायका एकमेकींना हाका मारत होत्या, मैना काठावर झिंगे वेचत होती, नानाजी चिखलात बसून तोंडाला चिखल फासून घेत होता. उन्हं डोक्यावर आली तेव्हा मनकर्णा काठावर येऊन बसली. तिला भूक लागली होती. तिनं भाताची पुरचुंडी सोडली, नानाजीला मांडीवर ओढलं आणि पदरानं त्याचं तोंड पुसलं.

पुसता पुसता तिचा हात थांबला. आज सकाळी तिनं पोराचं तोंड बघितलंच नव्हतं. काल बघितलं होतं का, तेही आठवेना.

ती तशीच बसून राहिली. समोर पाण्यावर जाळं हळूहळू आवळत होतं आणि मुखरू ओरडून कुणाला तरी दोर सोडायला सांगत होता. नानाजीनं तिच्या हातातला भाताचा घास ओढून घेतला आणि खाऊ लागला.